मेल अडला म्हणून कुलूप काढू नका: उद्यमबागेतल्या एका ऑफिसच्या प्रश्नाला उत्तर

ताई, मी तुमचा प्रश्न काय समजलो ते आधी सांगतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तुमचे मशीन शॉपचे ऑफिस आहे, ११ कॉम्प्युटर. मेलसाठी काहींवर आउटलुक हा प्रोग्राम, काहींवर थंडरबर्ड. डोमेन कंपनीच्या नावाचे आणि मेल एका होस्टिंग कंपनीकडे. तीन आठवड्यांपूर्वी इंटरनेटची लाईन बदलली, तिच्याबरोबर फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कची राखण करणारा, नवा डबा बसला आणि त्याच सुमारास सेल्सच्या मेलचा पासवर्डही बदलला. तेव्हापासून थंडरबर्ड सर्टिफिकेटचा इशारा देतो, आउटलुक मधूनच पासवर्ड मागत बसतो आणि दिवसातून एकदा-दोनदा सगळ्यांचाच मेल तासभर ठप्प होतो. फोनवर मोबाईल डेटाने मात्र सगळे सुरळीत. डबा बसवायला आलेल्या मुलाने दोन मशीनवर सिक्युरिटी ‘नन’, म्हणजे काहीच नाही, आणि जाणाऱ्या मेलला पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) २५ करून दिले. तिथे मेल येतो, पण जात नाही. तुम्ही विचारताय की बरोबर सेटिंग कोणती, आणि बाकीच्या नऊ मशीनवरही सिक्युरिटी बंद केली तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लांबवण्यासारखे नाही. चालणार नाही. उलट त्या दोन मशीनवरची सिक्युरिटी आजच परत चालू करा, मेल अडला तरी हरकत नाही. तोवर ब्राउझरमधून वेबमेल वापरा. ‘नन’ ठेवले की तुमच्या मशीनपासून होस्टिंगच्या सर्व्हरपर्यंत युजरनेम, पासवर्ड आणि मेलचा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाटेत तुमचा स्विच, फायरवॉल आणि लाईनवाल्याचे राउटर असतात, शिवाय तुमच्या वायफायवर आलेल्यागेलेल्यांचे फोन. थंडरबर्ड हे लपवतही नाही. ‘नन’ निवडले की पासवर्डच्या पर्यायासमोर तो स्वतःच लिहितो की पासवर्ड असुरक्षितपणे पाठवला जाईल. आणि पासवर्ड दिवसातून एकदाच जातो असेही नाही. क्लायंट, म्हणजे तुमचा मेलचा प्रोग्राम, दर काही मिनिटांनी मेल तपासतो, तेव्हा तेव्हा तो जाऊ शकतो.

मशीन शॉपच्या मेलमध्ये काय असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक: ड्रॉइंग, रेट, परचेस ऑर्डर, बँकेचा खाते क्रमांक छापलेले इन्व्हॉइस. निपाणीकडच्या माझ्या एका ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये कोणीतरी कित्येक दिवस बसून होते. काही मोडले नाही, काही पाठवले नाही, फक्त येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत बाहेर जाईल असा फॉरवर्डचा नियम लावून ठेवला. मग एक मोठे बिल निघाले त्याच दिवशी पुण्याच्या खरेदीदाराला मेल गेला की ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात टाका’. त्याने टाकले. पासवर्ड नेमका कुठून फुटला हे शेवटपर्यंत कळले नाही, पण त्या ऑफिसात सहा मशीनवर ‘नन’ होते आणि सगळ्यांकडे एकच पासवर्ड होता. म्हणून या बाबतीत मी कडक आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुम्ही ‘बरोबर सेटिंग कोणती’ असे विचारता, पण तुमचे सेटिंग तीन आठवड्यांपूर्वी बरोबरच होते. तुमच्या मशीन आणि सर्व्हरच्या मधली वाट बदलली आहे. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे एक आजार नाही, तीन आहेत. एकाच आठवड्यात सुरू झाल्यामुळे ते एकच वाटतात. पैकी एकावर औषध लागू पडले नाही की माणूस दुसऱ्याचे सेटिंग बदलतो, मग तेही बिघडते. फायरवॉल कोणती, होस्टिंगचे नियम काय, मशीनवर विंडोज कुठले, यावर बरेच अवलंबून आहे. म्हणून मी ठाम निदान देत नाही. ते ज्या क्रमाने शोधायचे तो क्रम देतो.

फोनवर मेल चालतो यावरून खाते ठीक आहे एवढेच कळते. फोनमधले ॲप वेगळे आणि नेटवर्कही वेगळे, म्हणजे दोन गोष्टी एकदम बदलल्या. त्याऐवजी कुरकुर करणारे एक मशीन घ्या, त्याची लॅनची वायर काढा आणि तेच मशीन फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर फोन यूएसबी वायरने जोडून टेदरिंग करा. सेटिंगला हात लावू नका. आता इशारा गेला तर दोष ऑफिसच्या नेटवर्कात. तोच इशारा तिथेही आला तर दोष त्या मशीनमध्ये, किंवा खुद्द सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये. दुसऱ्या एखाद्या मशीनवर हीच चाचणी केली की त्या दोनपैकी कोणता तेही कळते. ही १० मिनिटांची चाचणी न करता पोर्टचे आकडे बदलत बसलेली ऑफिसे मी गेली १८ वर्षे खानापूर ते चिकोडीपर्यंत बघत आलो आहे, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी मूळ सेटिंग काय होते हेच कोणाला आठवत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी प्रत्येक मशीनवरच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

इशाऱ्याचाही फोटोच काढा, तो तोंडी सांगू नका. आपल्या भागात हे फार होते. ऑपरेटर मराठीत सांगतो, डिस्पॅचचा माणूस ते लाईनवाल्याला कन्नडमध्ये सांगतो, तो पुढे सपोर्टला इंग्रजीत लिहितो. ‘सर्टिफिकेटवरचे नाव जुळत नाही’ हे मूळ वाक्य तिसऱ्या तोंडी पोहोचेपर्यंत ‘मेल बंद आहे’ एवढेच उरते. मग समोरचा माणूस ठरलेले उत्तर देतो की सिक्युरिटी काढून बघा. त्यात डबा बसवणाऱ्या मुलाचा दोष मी फारसा मानत नाही. त्याच्यापर्यंत प्रश्नच पोहोचलेला नसतो.

आता तो इशारा. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचे ओळखपत्र, आणि ते तपासताना क्लायंट तीन गोष्टी बघतो: त्यावरचे नाव मी मागितलेल्या सर्व्हरचे आहे का, त्याची मुदत आजच्या तारखेत बसते का, आणि ते देणाऱ्यावर माझा विश्वास आहे का. तिन्हींपैकी काय जुळले नाही हे इशाऱ्यातच लिहिलेले असते. ते वाचले की अर्धे काम झाले, कारण तिन्हींची कारणे अगदी वेगळी आहेत.

तारीख जुळत नसेल आणि एकाच मशीनवर जुळत नसेल, तर आधी खालच्या कोपऱ्यातले घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटण सेल संपला की मशीनची वायर काढल्यावर किंवा रात्री लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग आज चांगले असलेले सर्टिफिकेट त्या मशीनला ‘अजून सुरूच न झालेले’ दिसते. दुकानात स्वस्तात मिळणारा सेल बदलला की काम होते. सेल नवा असूनही अनेक मशीनची घड्याळे भरकटत असतील तर नव्या फायरवॉलने वेळ जुळवण्याचे यूडीपी पोर्ट १२३ अडवले आहे का ते विचारा. आणि सगळ्याच मशीनवर, हॉटस्पॉटवरसुद्धा, एकाच दिवशी मुदतीचा इशारा आला तर होस्टिंगवाल्याने सर्टिफिकेटचे नूतनीकरण केलेले नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेटे फार तर ९० दिवसांची असतात. आपोआप नूतनीकरण एकदा अडले की हे होते. त्यात तुमच्याकडून काही करण्यासारखे नाही, त्यांना फोन करायचा.

नाव जुळत नसेल तर बहुधा हे शेअर्ड होस्टिंगचे प्रकरण आहे. तुम्ही सर्व्हरच्या नावात ‘मेल’ आणि पुढे टिंब देऊन तुमचे डोमेन लिहिलेले असते, पण तो सर्व्हर शेकडो कंपन्यांचा सामाईक असतो आणि त्याच्या सर्टिफिकेटवर होस्टिंगवाल्याचे नाव असते. मार्ग दोन. तुमच्या ‘मेल’ नावासाठीही सर्टिफिकेट द्या असे होस्टिंगला सांगायचे, किंवा त्यांच्या सर्व्हरचे जे खरे नाव सर्टिफिकेटवर आहे तेच क्लायंटमध्ये लिहायचे. मी पहिला मार्ग पसंत करतो, कारण उद्या होस्टिंगने तुम्हाला दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तर ११ मशीनवर नाव बदलत बसावे लागत नाही.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला तिसरी शक्यता जास्त वाटते, देणारा अनोळखी असण्याची. इशाऱ्याच्या खिडकीत ‘व्ह्यू सर्टिफिकेट’ दाबा आणि ‘इश्यूड बाय’ किंवा ‘इश्यूअर’च्या पुढे काय लिहिले आहे ते वाचा. तिथे एखाद्या ओळखीच्या प्रमाणपत्र संस्थेऐवजी तुमच्या फायरवॉलचे किंवा अँटीव्हायरसचे नाव दिसले तर चोर सापडला. हे डबे कुलूपबंद वाहतूक तपासण्यासाठी मध्ये उभे राहतात. सर्व्हरकडून येणारे पाकीट स्वतः उघडतात, आत व्हायरस आहे का बघतात आणि स्वतःच्या शिक्क्याने पुन्हा बंद करून तुमच्याकडे देतात. तुमचे मशीन म्हणते की हा शिक्का मी ओळखत नाही. ते बरोबरच म्हणते. मध्ये उभा राहिलेला तुमचा फायरवॉल आहे की कोणी परका, हे त्याला कळायला मार्ग नाही.

काही मशीनवर इशारा येतो आणि काहींवर नाही, याचे कोडेही इथेच सुटते. आउटलुक विंडोजच्या विश्वासू यादीवर चालतो, तर थंडरबर्ड स्वतःची वेगळी यादी ठेवतो. बसवणाऱ्याने फायरवॉलचे मूळ सर्टिफिकेट विंडोजमध्ये घातले असेल तर आउटलुक गप्प राहतो आणि थंडरबर्ड, विशेषतः जुना, ओरडू शकतो. बघणाऱ्याला वाटते थंडरबर्डच बिघडला.

यावर उपाय दोन, आणि इथे माझे मत स्पष्ट आहे. डबा बसवणाऱ्याला सांगा की आमच्या मेल सर्व्हरला एसएसएल तपासणीतून, म्हणजे कुलूपबंद वाहतूक उघडून बघण्यातून, वगळा. एका सर्व्हरपुरता, ९९३, ९९५, ४६५ आणि ५८७ या पोर्टांसाठी अपवाद लावणे हे फार तर पाच मिनिटांचे काम आहे. तुमच्या मेलची तपासणी होस्टिंगकडे होते, आणि जोडलेली फाईल उघडताना मशीनवरचा अँटीव्हायरस तपासतोच. ११ मशीनच्या ऑफिसला मध्ये तिसरा पहारेकरी लागत नाही. मोठ्या कंपनीत, जिथे कायम माणूस बसून फायरवॉलच्या नोंदी बघतो, तिथे दुसरा मार्ग योग्य ठरू शकतो. तिथे तपासणी चालू ठेवायची आणि फायरवॉलचे सर्टिफिकेट प्रत्येक मशीनवर, थंडरबर्डच्या यादीतसुद्धा, रीतसर घालायचे. ‘इश्यूड बाय’मध्ये अँटीव्हायरसचे नाव निघाले तर त्याच्या सेटिंगमध्ये फक्त मेलच्या कुलूपबंद वाहतुकीची तपासणी बंद करा, अख्खा अँटीव्हायरस नव्हे.

आणि ‘कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन’ हे बटण कारण कळेपर्यंत कोणी दाबायचे नाही, हे ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा. एकदा दाबले की ते ओळखपत्र कायमचे खरे मानले जाते. ज्यांनी आधीच दाबले आहे त्यांच्या थंडरबर्डमध्ये सेटिंग, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग मॅनेज सर्टिफिकेट्स, आणि तिथल्या ‘सर्व्हर्स’ यादीतून ती नोंद काढून टाका.

आता पोर्ट. येणाऱ्या मेलला आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतो) असेल तर ९९३ आणि एसएसएल/टीएलएस, म्हणजे सुरुवातीपासून कुलूप. पॉप (मेल मशीनवर उतरवून घेतो) असेल तर ९९५ आणि एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्याला ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस. या जोड्या मोडायच्या नाहीत. फरक तुमच्याच कारखान्याच्या गेटवरून सांगतो. ४६५ वर गेट बंद असते, आधी पास दाखवायचा, मग बोलायचे. ५८७ वर वॉचमनच्या केबिनपर्यंत जाऊन नमस्कार करता येतो, मग तिथे पास बनतो आणि पुढचे सगळे कुलूपबंद होते. तुम्ही ४६५ ला स्टार्टटीएलएस लावले तर क्लायंट सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघतो, सर्व्हर क्लायंटच्या पासची वाट बघतो आणि मिनिटभराने ‘टाइम आउट’ येतो. उलट, ५८७ ला एसएसएल/टीएलएस लावले तर चूक लगेच समोर येते, कारण पास हवा तिथे क्लायंटला नमस्कार ऐकू येतो. म्हणजे अडायला वेळ किती लागला यावरूनही जोडी कुठे चुकली ते ओळखता येते. होस्टिंग दोन्ही देत असेल तर ४६५ घ्या. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने २०१८ मध्ये हीच शिफारस केली. ५८७ वर नमस्कार उघडा होतो, त्यामुळे मधल्या एखाद्या डब्याला ‘स्टार्टटीएलएस आहे’ ही सर्व्हरची ओळच पुसता येते. काही जुन्या फायरवॉल खरोखर ते करतात.

त्या दोन मशीनवर मेल येतो पण जात नाही, त्याचे कारण पोर्ट २५. ते आता सर्व्हरने सर्व्हरला मेल देण्यासाठी आहे. स्पॅम थांबवण्यासाठी बहुतेक लाईनवाले ते ग्राहकांसाठी बंद ठेवतात, आणि ठेवावेच. पोर्ट उघडे आहे का हे बघायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि पोर्ट देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले की वाट मोकळी. ४६५ ऑफिसातून ‘फॉल्स’ आणि हॉटस्पॉटवर ‘ट्रू’ आले तर फायरवॉलने किंवा लाईनने ते अडवले आहे. डबा बसवणाऱ्याला सांगायला एवढा एक पुरावा पुरतो.

पासवर्डच्या पद्धतीबद्दलही एक गैरसमज नेहमी आढळतो. थंडरबर्डमध्ये ‘नॉर्मल पासवर्ड’ आणि ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ असे दोन पर्याय दिसतात आणि माणूस साहजिकच दुसरा सुरक्षित समजून निवडतो. मग सर्व्हर म्हणतो, ही पद्धत मला येत नाही. एसएसएल/टीएलएस चालू असेल तर अख्खा रस्ताच बंद नळीसारखा असतो, आतला ‘नॉर्मल पासवर्ड’ सुरक्षितच जातो. तोच ठेवा.

आता ते तासभर ठप्प होणे. माझ्या मते तुमच्या तक्रारीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि सेटिंगच्या मागे लागलेला माणूस हाच सोडून देतो. तुमची ११ मशीन, सगळे फोन, स्कॅनर हे सगळे होस्टिंगच्या सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, कारण बाहेर तुमच्या लाईनचा आयपी पत्ता एकच. त्या सर्व्हरवर पहारा असतो. एका पत्त्यावरून थोड्या वेळात अनेकदा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ताच काही काळ बंद. कुठे १० मिनिटे, कुठे तासभर, कुठे त्याहून जास्त. म्हणजे एका उपकरणात जुना पासवर्ड राहिला तर शिक्षा ११ मशीनना. या काळात आउटलुक पासवर्ड मागतो, माणूस घाबरून नवा टाकतो, तो चुकतो, आणि बंदी आणखी लांबते.

मच्छेजवळच्या एका ऑफिसात हे रोज साडेचारच्या सुमारास व्हायचे. चार दिवस आम्ही मशीन तपासत होतो, सगळीकडे पासवर्ड बरोबर. पाचव्या दिवशी मी सव्वाचारला जाऊन नुसता बसून राहिलो. साडेचारला डिस्पॅचचा मुलगा आला, दिवसभराची चलाने घेऊन कोपऱ्यातल्या झेरॉक्सच्या मोठ्या मशीनवर एकेक स्कॅन करू लागला. ते मशीन प्रत्येक चलान मेलने पाठवायचा प्रयत्न करत होते, जुन्या पासवर्डने. मुलगा ‘एरर’ बघून तेच चलान परत लावायचा. सहा-सात चलाने झाली की अख्ख्या ऑफिसचा मेल बंद. त्याला कोणी दोष दिला नाही, देण्यासारखे नव्हतेच. त्या मशीनमध्ये पासवर्ड असतो हेच कोणाच्या ध्यानात नव्हते.

म्हणून तुम्ही एक कागद घ्या आणि हा पासवर्ड कुठे कुठे साठवलेला आहे ते लिहून काढा. कॉम्प्युटर सगळ्यांना आठवतात. विसरतात ते असे: स्कॅनर, टॅली, बायोमेट्रिक हजेरीचा किंवा बॅकअपचा अहवाल मेलने पाठवणारे सॉफ्टवेअर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, मालकांचा घरचा लॅपटॉप, आणि सगळ्यात जास्त म्हणजे फोन. सेल्सचा माणूस सकाळी अकराला ऑफिसात येतो, त्याचा फोन आपोआप वायफायला जोडला जातो आणि त्यातले मेलचे ॲप खिशातल्या खिशात जुना पासवर्ड देत राहते. बंद पडण्याच्या वेळा आठवडाभर टिपा आणि त्या वेळी ऑफिसात कोण आले, कुठले मशीन वापरले ते शेजारी लिहा. होस्टिंगकडे चुकीच्या लॉगिनची नोंदही मागा. त्यात खात्याचे नाव आणि वेळ असते.

पण त्या नोंदीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा खाती वेगळी असतील. सहा मशीनवर एकच सेल्सचे खाते असेल तर नोंदीत सहाही सारखेच दिसतात. एकाच खात्याचा आणखी एक त्रास आहे. आयमॅप क्लायंट एका वेळी अनेक जोडण्या उघडतो, थंडरबर्ड मूळ सेटिंगमध्ये पाचपर्यंत. होस्टिंगवर डोव्हकॉट हे सर्व्हर सॉफ्टवेअर खूप ठिकाणी असते, आणि त्याच्या मूळ सेटिंगमध्ये एका खात्याला एका पत्त्यावरून १० जोडण्यांचीच परवानगी असते. तीन मशीनवर थंडरबर्ड पूर्ण जोराने चालला की १५ होतात, आणि मग कोणाला तरी दार बंद. तुमचा ‘मधूनच पासवर्ड मागतो’ हा भाग यातलाही असू शकतो. तात्पुरते थंडरबर्डच्या खात्यात सर्व्हर सेटिंगमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन जोडण्या पाचवरून दोनवर आणा. कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक माणसाला स्वतःचे खाते.

लाईनवाल्यालाही एक विचारा: आम्हाला स्वतंत्र स्थिर आयपी आहे, की अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटलेला आहे? वाटलेला असेल तर शेजारच्या कारखान्यातल्या चुकीच्या पासवर्डने तुमचा मेल बंद पडू शकतो आणि तुम्ही स्वतःच्या ऑफिसात शोधत राहाल. लाईन नवी असल्यामुळे ही शक्यता मी सोडत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: इशारा बहुधा फायरवॉलच्या तपासणीमुळे, मेल न जाणे पोर्ट २५ मुळे, आणि तासभराची बंदी कुठेतरी राहिलेल्या जुन्या पासवर्डमुळे. हे अंदाज आहेत. ‘इश्यूड बाय’ वाचल्यावर आणि वेळा टिपल्यावर खरे-खोटे कळेल.

दोन परिस्थितींत उत्तर बदलते. तुमचा मेल होस्टिंगकडे नसून गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे असेल तर साधा पासवर्ड टाकून काम होणार नाही. गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून काढली, मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत नेली. तिथे थंडरबर्डमध्ये ‘ओऑथ २’ निवडायचे, म्हणजे ब्राउझरसारखी खिडकी उघडून लॉगिन होते. गूगलवर जुन्या उपकरणासाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घेता येतो.

दुसरी परिस्थिती जुन्या मशीनची. आपल्या मशीन शॉपांत क्वालिटीच्या किंवा प्रोग्रॅमिंगच्या टेबलावर विंडोज ७ अजून दिसते, कारण त्याला जोडलेले उपकरण नव्या विंडोजवर चालत नाही. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आणि आता बहुतेक सर्व्हर १.२ च्या खाली बोलत नाहीत. विंडोज ७ मध्ये १.२ आहे, पण आउटलुकसाठी ते आपोआप वापरात येत नाही, अपडेट आणि रजिस्ट्रीतला बदल दोन्ही लागतात. ते करण्यापेक्षा त्या मशीनवरून मेलच काढून टाका असे मी सांगेन. १४ जानेवारी २०२० नंतर त्या विंडोजची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती थांबली. तिथे परचेस ऑर्डर उघडण्याची गरज नाही. ड्रॉइंग दुसऱ्या मशीनवर घ्या आणि लॅनवरून त्या फोल्डरमध्ये टाका. जुना स्कॅनर १.२ बोलत नसेल तर त्यालाही मेल पाठवायला लावू नका, लॅनवरच्या फोल्डरमध्ये स्कॅन टाकायला लावा.

शेवटी पासवर्ड. त्या दोन मशीनवरून जी खाती ‘नन’ने चालली त्यांचे पासवर्ड फुटले असे धरूनच चाला आणि बदला. पण आज घाईने नको. आधी दोन्ही मशीन ९९३ आणि ४६५ वर आणा आणि पासवर्ड कुठे कुठे आहे त्याची यादी पूर्ण करा. मग संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, स्कॅनर बंद आणि वायफाय बंद ठेवून बदला. दुसऱ्या दिवशी यादी हातात धरून एकेक उपकरण चालू करा. नाहीतर तीन आठवड्यांपूर्वीचीच बंदी पुन्हा सुरू होईल. बदलल्यावर लगेच वेबमेलमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. तुम्ही न लावलेला एखादा नियम, ओळखीचा नसलेला एखादा पत्ता तिथे दिसला तर आधी फोटो काढा, मग तो काढून टाका आणि ज्यांच्याकडून येणे बाकी आहे त्या सगळ्यांना फोन करून सांगा की आमचे बँक खाते बदललेले नाही. पैसे चुकीच्या खात्यात गेल्याचे कळले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

उद्या सकाळी आधी एकच करा. इशारा देणाऱ्या थंडरबर्डवर सर्टिफिकेट उघडा आणि ‘इश्यूड बाय’च्या ओळीचा फोटो मला पाठवा. त्यात फायरवॉलचे नाव निघाले तर अपवाद कसा लावायचा ते बसवणाऱ्याला दाखवता येईल असे लिहून देतो, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत.